डोंगरावर नाव घेऊ नये

अहो, ऐकता का?

चौथीनंतर मी हातात पेन्सिल धरली नवती. आज लिहून राह्यली, कारण काल तुमची माय अंगणात पाण्याचा तांब्या ठेवून म्हणे, "तो उतरून राह्यला." तुमाले जाऊन वरीस होत आलं!

आधी मले वाटे, म्हातारीचं डोकं फिरलं. मंग मीही ऐकलं. दिवस बुडता बुडता सूरजागड डोंगराच्या धारेवरून, तुमी ज्याचं ओझं वाहत होते त्या शिकारी साहेबाचा आवाज येते, तुमचं नाव घेते. मागून तुमचा आवाज, "आलो जी." साहेब तर नागपुरात जिता हाये. मंग वर तुमाले बोलवते कोण?

डोंगरावर कोणाचं नाव घेऊ नये, हे आपल्या गावात लेकराले बी ठाऊक. बोलवाचं असन तर कुऱ्हाडीचा दांडा झाडावर ठोकाचा. नाव घेतलं का डोंगर ते शिकते, मंग त्याच आवाजात बोलवत राह्यते, असं तुमीच सांगत होते. साहेबाले सांगतलं काऊन नाई? का सांगतलं, आन् तो हासला?

त्या दिवशी काय झालं, ते साहेबच रडत सांगून गेला. सांबराले गोळी लागली, ते कड्याखाली गेलं, धुकं दाटलं. तुमी दिसेना, त्याले भेव लागलं, आन् त्यानं गळा फाडून तुमचं नाव घेतलं. तुमी त्याचं ओझं पाठीवर घेऊन वाट सोडली, सरळ आवाजाकडं निघाले. दरीत सापडले तवा पिशवीचे पट्टे खांद्यातच होते.

राग येते मले! एवढं "आलो जी" कशाले? मी ताट वाढून हाका मारो, तवा एवढ्या लवकर कधी आले का तुमी?

काल म्हातारी तांब्या ठेवून थांबली नाई. पार पायथ्यापर्यंत गेली. ओढून आणली तिले. उद्या माहा डोळा चुकवून ती वर चढन, आन् तिचे पाय काई त्या लायक राह्यले नाई. तुमच्या मागं तीही जाईन ना हो दरीत!

म्हणून मीच येते. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. उद्या दिवस हाये तवरच धारेवर उभी राहीन, साहेबाच्या आधी मीच तुमाले नावानं हाक मारीन. लोक काय म्हणतीन ते म्हणो. डोंगराले नाव शिकाचंच असन, तर माह्या आवाजात शिकन. इथी खाली माह्या नावामागं तुमचं नाव लिहून पाह्यलं.

वचन देते, तुमाले घरी बोलवणार नाई. तुमी फक्त "आलो जी" म्हणू नका, म्हंजे म्हातारी बी वर धावणार नाई. साहेबाचं ओझं उतरवा, आन् बसा.

तुमची,
शेवंता सोमाजी