अनिशची सही

साउथहॅम्प्टन,
८ मार्च २००८

ती. सुनेत्राताईस,
सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही, कारण अनिश घरातच असतो. इराकमधल्या बसऱ्याहून येऊन त्याला तीन आठवडे झाले. घरात पाहुण्यासारखा वावरतो. चहाचा कप विसळून ठेवतो आणि मला थँक्यू म्हणतो! आर्मीत आणखी चार वर्षं राहायचं का, ते त्याने एकतीस तारखेच्या आत कळवायचं आहे. तो सही करणार, असंच दिसतंय. शनिवारी त्याला स्लाऊला पाठवते. तीस वर्षं शाळेतल्या पोरांना धाकात ठेवलंस, आता भाच्यालाही दोन शब्द सुनाव. माझं तो ऐकत नाही.

तुझ्यावर भार टाकणारी,
सुलक्षणा

स्लाऊ,
१७ मार्च २००८

चि. सुलक्षणा हिस,
अनेक आशीर्वाद.

अनिश नीट जेवला. उपदेश मी केला नाही. शेजारच्या तमिळ बाईंनी दोन तिकिटं दिली, म्हणून त्याला त्यांच्या सिनेमाला नेलं. एक जवान गावी परततो आणि गुंडांना झोडपतो, एवढीच गोष्ट. भाषा आम्हा दोघांना येत नाही, पण काही अडलं नाही. बसस्टँडवर हिरोने चाळीस जणांना लोळवलं, शर्टाची इस्त्री मात्र मोडली नाही. याला नंतर रिपोर्ट लिहावा लागत नाही वाटतं, असं अनिश म्हणाला. मी मोठ्याने हसले. माझ्या वयाला शोभलं नाही.

गोळीबाराला तो हलला नाही. मग जवान घरी पोचतो आणि त्याची आई दारातच लाल पाण्याचं ताट ओवाळते. तिथे अनिश उठून बाहेर गेला.

कार पार्कमध्ये त्याने मला विचारलं, की आईने मला का ओवाळलं नाही. शाळेच्या जीसीएसई परीक्षेच्या निकालाला ओवाळलं, ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्यावर ओवाळलं. बसऱ्याहून आल्यावर मात्र दार उघडून, शूज बाहेर काढ, एवढंच तू म्हणालीस. आपण घरी नको आहोत आणि पलटणीला हवे आहोत, असा त्याने अर्थ लावला आहे.

तू असं का वागलीस, ते मला कळवू नकोस. त्याला सांग. आणि लगेच सांग.

रागावले तरी तुझीच,
सुनेत्राताई

साउथहॅम्प्टन,
२ एप्रिल २००८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ओवाळलं तर त्याच्या आर्मीत जाण्याला मान दिल्यासारखं होईल आणि तो पुन्हा जाईल, असं मला वाटलं. ताट तयार होतं. निरांजनही लावलं होतं. बेल वाजली आणि मीच फुंकर मारून ते विझवलं. आपल्या आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं.

तुझं पत्र आल्यावर हे त्याला सांगायला मला सहा दिवस लागले. रोज ठरवायचे आणि भाजी चिरत बसायचे. शेवटी सांगितलं, तेव्हा तो सिंकपाशी कप विसळत होता. मग म्हणाला, की सही कालच करून पाठवली.

मी रडले नाही. त्याने मात्र चेहरा धुतला.

सोमवारी पलटणीत परत निघतोय. स्टेशनवर कोणी यायचं नाही, असा त्याचा पहिल्यापासूनचा हुकूम. पण काल त्यानेच मला विचारलं, की सोमवारी तुझी शिफ्ट आहे का. हॉस्पिटलला फोन करून मी सुट्टी टाकली.

तुझा राग असाच राहू दे, मला त्याचा आधार वाटतो.
सुलक्षणा