येऊन रायली

४ मे
सौंदडला गाडीतून उतरले आणि उन्हानं तोंड भाजलं, तरी मन आनंदात होतं. देवकाबाईंचा भाचा भोजराज मोटारसायकल घेऊन आला होता. वाटेत म्हणाला, "मॅडम, हाडं बोलतेत म्हणे?" म्हटलं, बोलतात, आणि दबावाखाली जबानी फिरवत नाहीत. तो इतका हसला की गाडी डगमगली.

चौऱ्याऐंशी साली देवकाबाईंची सतरा वर्षांची प्रेमिला धानाच्या रोवणीच्या कामावरून परतलीच नाही. मजुराची पोर, पळाली असेल म्हणून फाइल मिटली. यंदा तलावाचा गाळ काढताना सांगाडा निघाला, कवटीवर मागून घातलेला घाव; ती हाडं तपासायला मला बोलावलंय. ज्यांना मजुराच्या लेकीचा खून नोंदवावासाही वाटला नाही, त्यांच्या तोंडावर मी पुरावा फेकणार आहे.

मुक्काम देवकाबाईंकडेच. जेवताना पाठीवरून हात फिरवला त्यांनी.

७ मे
सांगाड्याची दाढ आणि देवकाबाईंचं रक्त डीएनए तपासणीला पाठवलं. त्या दिवसभर दार सताड उघडं ठेवून बसतात. म्हणतात, "माही प्रेमिला येऊन रायली." मला वाटलं, लेक घरी येऊन राहिली आहे असा त्यांना भास होतो. भोजराजनं माझं मराठी दुरुस्त केलं: तसं नाही मॅडम, म्हणजे येत आहे. अजून वाटेत आहे.

१५ मे
फाटकापाशी ओली पावलं. अनवाणी, लहान. तलाव कोरडा, विहीर आटलेली. टँकरचं पाणी सांडलं असेल, असं भोजराज म्हणाला. मीही तेच लिहिते.

१८ मे
अहवाल आला. सांगाडा प्रेमिलाचाच. देवकाबाईंना समोर बसवून ठामपणे सांगितलं: ती तेव्हाच मेली, वाट पाहणं सोडा, न्याय मागा. त्या रडल्या नाहीत. उठल्या आणि दार लावून घेतलं.

पावलं अंगणाच्या मध्यापर्यंत आली आहेत.

१९ मे
भर दुपार. दारावर थापा, हळू, पोरीच्या हाताच्या. "माय."

देवकाबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. म्हणाल्या, "तूनंच त सांगतलं ना पोरी, मेली म्हून. मेलेल्याले दार उघडत नाई."

२० मे
उंबऱ्याखालून पाणी. गाळाचा वास. देवकाबाई अन्नाला शिवत नाहीत. माझा अहवाल खरा आहे. खराच आहे —

"माय, काऊन उघडत नाई?"

२१ मे
देवकाबाई गेल्या. पडल्या पडल्याच.

बाहेर अजून — रडणं. नुसतं रडणं. ती कोणाला मारायला आली नाही, घरी आली आहे. इतकी वर्षं चालत —

तिला सांगायला हवं. मीच —

कडी काढते. विचारेल, माय कुठे. मी काय सां—