कच्चे बोल

मी, खाली सही करणारा, धंद्याने गीतकार, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. पोट ठिकाणावर नसल्याचा दाखलाही त्यांनीच दिला, तो जोडण्याची गरज नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. टोचणी आहे, पण ती माझी मलाच आहे.

गेल्या हिवाळ्यात केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. का रद्द करतो ते पुढे येईल. वकीलसाहेब म्हणतात, कारणे लिहायची नसतात, नुसते कोणाला काय ते लिहायचे. मी जन्मभर तीन मिनिटांत आटपणारी गाणी लिहिली. एकदा तरी मला लांबण लावू द्यावी.

कलम १. माझी माणसे. माझे लग्न झालेले नाही. गाण्यांत मात्र मी पुष्कळांची जुळवली. माझ्यामागे दोघे राहतील. एक माझी भाची, वारलेल्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि बोलताना भीडभाड ठेवत नाही. ताईचे नाक तिला मिळाले नाही, पण जीभ मिळाली. दुसरा मौनी. माझ्या बहुतेक सगळ्या गाण्यांना चाली त्याच्या. लहानपणापासून मुखदुर्बळ, दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी परत मागायची लाज वाटणारा, म्हणून हे नाव पडले. त्याची बायको गेली, मूलबाळ नाही, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून तो माझ्या वरच्या खोलीत राहतो. त्याचे उजवे अंग चालत नाही आणि तोंडून शब्द फुटत नाही. कागदोपत्री तो माझा कोणी लागत नाही. ही कागदाची चूक आहे.

कलम २. घर. घर, जिना, गळणारी टाकी आणि टाकीवरून शेजाऱ्याशी चालू असलेले भांडण, हे सर्व भाचीला. वरच्या खोलीपुरते कलम ७ लागू राहील. टाकीच्या भांडणात चूक आपली आहे, हे तिने माझ्यामागे कबूल करायला माझी हरकत नाही. बँकेत आहे ते तिचे आणि मौनीचे, त्याच्या औषधपाण्याला आधी.

कलम ३. वस्तू आणि राग. बक्षीस मिळालेल्या ढाली व बाहुल्या भाचीने शाळेत न्याव्यात. मुलांना रेखाटायला काहीतरी लागतेच. लिहिण्याचे मेज मी समोरच्या शिंप्याला आधीच देऊन टाकले आहे, ते यात धरू नये. माझ्या गाण्यांचे पहिले गिऱ्हाईक तोच. मी नवे कडवे म्हणून दाखवायचो आणि तो मशीनवरून मान वर न करता ऐकायचा. पाय थांबला की समजायचे, जमले.

ज्या टीकाकाराने आम्हाला ‘गल्लीतले कवी’ म्हटले त्याला माझा छापील शब्दकोश द्यावा. तो कोरा करकरीत आहे, कारण गल्लीत लागणारे शब्द त्यात नव्हते. आमची गाणी गाणाऱ्या गायिकाबाईंवर माझा राग होता. त्यांनी एका गाण्यातला माझा ‘किंचित’ काढून ‘थोडा’ घातला आणि गाणे लोकांच्या तोंडी बसले. मी त्यांच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला. त्यांचेच बरोबर होते. हा राग मी कोणालाच देत नाही, तो इथेच संपला.

कलम ४. विद्या. ही विकत घेता येत नाही आणि मेल्यावर सोबतही नेता येत नाही. तेव्हा ज्याला गाणी लिहायची आहेत त्याने उचलावी.

उंच स्वरावर ‘आ’ नाहीतर ‘ओ’ येईल असा शब्द ठेवावा; ‘ई’ ठेवलात तर गाणाऱ्याचा गळा आवळला जातो आणि तो तुम्हाला शिव्या देतो. ओळीत श्वासाला जागा सोडावी. धृपद कोणालाही सुचते, दुसऱ्या कडव्यात माणूस कळतो. पहिल्यात मनातले सांगून झालेले असते, आणि आता काय बोलायचे, असा प्रश्न पडतो. तिथे जो खोटे बोलत नाही तो गीतकार. आणि शब्द असे हवेत की भांडी घासणाऱ्या बाईला ओळ अर्धी आठवली तरी उरलेली चालीवरून सापडावी.

हे मला माझ्या मास्तरांनी शिकवले. त्यांची गाणी लोक स्वतःची समजून गातात, आणि कोणी लिहिली म्हणून विचारले तर ‘ती अशीच आहेत’ म्हणतात. मास्तरांना त्याचे वाईट वाटत नसे. ते म्हणायचे, विहीर कोणी खणली ते विचारून कोणी पाणी पीत नाही. त्यांचा फोटो माझ्या खोलीत आहे, तो तिथेच राहू द्यावा. असे लोक मोठे, असे मी मानतो. मी त्यांच्यातला नाही, त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. ते गाणे. आमच्या धंद्यात बहुधा चाल आधी येते आणि शब्द मागून. संगीतकार चाल ऐकवताना तोंडाला येईल ते गातो, म्हणजे गीतकाराला वजन कळते. त्याला आम्ही कच्चे बोल म्हणतो. गीतकाराने त्यातल्या मात्रा मोजायच्या, बोल फेकून द्यायचे आणि त्या मापाचे पक्के शब्द भरायचे. बाकीचे संगीतकार नुसते ला-ला करत. मौनी घरातले गायचा. गॅस संपला, भाडं वाढलं, छत्री हरवली. सगळे हसत, मीही हसायचो. जो माणूस चारचौघांत ‘पाणी द्या’ म्हणू शकत नव्हता तो पेटीवर बसला की सगळे सांगायचा, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

एकदा त्याने गायले, ‘ती काही जेवत नाही, डॉक्टर काही बोलत नाही’. मी म्हटले, वा, हा ‘नाही’ दोनदा आला तो ठेवू. मी लिहिले, ‘तू काही सांगत नाही, मी काही मागत नाही’. हे द्वंद्वगीत अजून वाजते. पुढे त्याची बायको गेल्याचे कळले तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की अरे, ती आजारी होती हे याने आम्हाला एका शब्दाने सांगितले नाही.

तरी मी शहाणा झालो नाही. तालमीच्या खोलीत, सकाळी, आवाज नको म्हणून पंखा बंद केलेला. मौनीने पेटीवरचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि तो नुसत्या गळ्याने गायला, ‘हात बधिर होतो रे, उजवा हात बधिर’. चाल अशी होती की अंगावर काटा यावा. मी म्हणालो, “हे धरून ठेव. हलवू नकोस.” आणि लिहिले, ‘रात अधीर होते रे, सारी रात अधीर’. बधिर आणि अधीर यांत एका मात्रेचा फरक पडत होता, तो गायिकाबाईंनी स्वरात सामावून घेतला. जेवणाच्या सुट्टीआधी गाणे तयार झाले. मौनीने तीन वेळा तीच ओळ गायली होती. मला वाटले, तो मला वजन पक्के करून देतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकाला तो मोरीत पडलेला सापडला. हात बधिर झाला तेव्हाच आणले असते तर, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “कदाचित.” त्यानंतर मी ज्यांना ज्यांना हे सांगितले ते सगळे म्हणाले, तुमची काय चूक, तुम्हाला कसे कळणार? मी शब्दांवर पोट भरले. न कळायला मी काय लाकडाच्या वखारीत होतो?

ते गाणे आमचे सगळ्यांत गाजलेले गाणे ठरले. लोक ते बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, बाळाला झोपवताना गातात, आणि प्रत्येक वेळी मला त्याखालचे कच्चे बोल ऐकू येतात. गेल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की माझ्यामागे हे गाणे कोणालाही वाजवायची परवानगी देऊ नये. ती अट मी काढून टाकतो. गाणे चालू राहू दे. त्याचे जे मानधन येईल ते पूर्ण मौनीचे.

कलम ६. पेटी. मौनीला घरी आणल्यावर मी रेडिओ बंद केला. पेटी चादरीत गुंडाळून कपाटावर टाकली. घरात कोणी गायचे नाही, गुणगुणायचेही नाही, असा नियम केला. मला वाटले, गाणे ऐकून त्याला त्रास होईल. खरे सांगायचे तर मला होत होता. मी त्याला भरवायचो, अंग पुसायचो, पेपर वाचून दाखवायचो, आणि तो माझ्याकडे बघत राहायचा. वर्षानुवर्षे हे असेच चालले, आणि लोक म्हणायचे, काय मैत्री आहे.

या उन्हाळ्यात मी इस्पितळात होतो तेव्हा भाची इथे राहायला आली. माझा नियम तिला ठाऊक होता. तिने तो धाब्यावर बसवला. मौनीची दाढी करताना ती ‘रात अधीर होते रे’ गुणगुणली आणि साबण घ्यायला वळताना थांबली. मागून आवाज आला, ‘सारी रात अधीर’. स्वच्छ, सुरात, एकही शब्द न अडखळता. तिच्या हातातून वस्तरा पडला.

डॉक्टर म्हणाले, असे होते. बोलणे जाते आणि गाणे राहते, डोक्यात दोघांची बिऱ्हाडे वेगळी असतात. इतकी वर्षे कोणी गाऊन पाहिले नाही का, असेही त्यांनी विचारले. एकदा तो बोलला ते मी ऐकले नाही, आणि मग बोलायची जी एकच वाट त्याला उरली होती तीही मीच बुजवली. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. पहिल्या चुकीला मी कधी ‘कदाचित’चा आडोसा घेतला असेल, या दुसरीला आडोसाच नाही. ती माझ्या नावावर लिहावी.

पेटी आता खाली उतरवली आहे. भाता फाटला होता, तो बदलून घेतला. पेटी मौनीची होती आणि त्याचीच राहील.

कलम ७. वरची खोली. गेल्या मृत्युपत्रात मी ठरवले होते की माझ्यामागे मौनीला एका चांगल्या शुश्रूषागृहात ठेवावे, पैसे आगाऊ भरून, बागेकडची खोली. भाचीवर भार नको आणि माझ्या पापाचे ओझे तिने का वाहावे, असा विचार होता. मी घरी आल्यावर तिने ते वाचले. कागद बाजूला ठेवून म्हणाली, “मामा, मौनीकाकांना विचारलंत?”

मी म्हणालो, त्याला बोलता कुठे येते.

“मग गाऊन विचारा. तेवढं तरी येतं ना तुम्हाला?”

मला गाता येत नाही, हे सबंध धंद्याला माहीत आहे. तरी काल दुपारी मी वर गेलो. भाचीने पेटी धरली, तिला येतात तेवढे दोन सूर दिले, आणि मी ‘रात अधीर’च्याच चालीवर, जन्मात पहिल्यांदा, स्वतः कच्चे बोल गायलो. मी गेल्यावर तू कुठे राहशील, इथे की बागेच्या खोलीत, असे काहीतरी. मौनीने तोंड वाकडे केले. डाव्या हाताने गादीवर ठेका देऊन मला दाखवले की मी समेवर चुकलो. म्हणून मी पुन्हा गायलो. तो हसला, अर्ध्या तोंडाने. मग डोळे मिटून त्याने चाल उचलली.

“आधी जाऊ नको रे, माझ्याआधी नको.”

तीन वेळा गायला. भाची पेटी सोडून खिडकीपाशी गेली.

वरची खोली मौनी असेपर्यंत मौनीची. त्याला तिथून कोणीही, कोणत्याही कारणाने हलवू नये. भाचीने हे आपणहून मान्य केले आहे आणि ‘भार’ हा शब्द पुन्हा काढलात तर भांडेन, असे सांगितले आहे. तिने रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसून पेटी वाजवावी, तो गाईल ते ऐकावे आणि तो जे म्हणेल ते करावे. पंखा लाव म्हणाला तर पंखा लावावा.

एवढे मी लिहू शकतो. त्याने मागितले ते यांतले काही नव्हते. वकीलसाहेब, त्याची मागणी कोणत्या कलमात बसते? माणूस मृत्युपत्रात आपले सगळे देऊ शकतो, आणि त्याने नेमके तेवढेच मागितले जे देता येत नाही. डॉक्टरांनी मला पावसाळ्याच्या पुढचे काही सांगितलेले नाही, आणि हे मौनीला कोणी सांगितलेले नव्हते. त्याला कळले होते. तो माझ्याकडे वर्षानुवर्षे बघत होता, त्याला कळणारच.

मी मात्रा मोजल्या नाहीत. त्याचा डावा हात धरला आणि म्हणालो, “ऐकलं रे.” ते त्याच्या चालीत बसत नव्हते.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि तो मी साक्षीदारांसमोर सही करून पक्का करतो. मौनीला साक्षीदार करायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याला साक्ष देता येत नाही, असा कायदा आहे.

(सही) गीतकार

साक्षीदार १: (सही) डॉक्टर, सही करणारा शुद्धीत होता, रडत होता, दोन्ही एकाच वेळी असू शकते.

साक्षीदार २: (सही) समोरचा शिंपी, वाचून दाखवले, ऐकले.

ठिकाण: वरची खोली. दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच.