पार्थेनाची एक जानेवारी

३ नोव्हेंबर २०१६

अठ्ठावीस निबंध तपासले. वाचण्याजोगा एकही नाही! पाँटसच्या ग्रीकांच्या संहारावर सबंध सत्र शिकवलं — काळ्या समुद्राकाठची गावं, ऐन हिवाळ्यात डोंगरांपलीकडे हाकलली गेलेली माणसं — आणि ही मंडळी लिहितात, "इट वॉज व्हेरी सॅड." हळहळायला विद्यापीठ कशाला हवं?

विभागप्रमुखांनी लिफ्टमध्ये गाठलं, अस्सल सिंगापुरी इंग्रजीत: "बुक आउट बाय जानेवारी, काँट्रॅक्ट रिन्यू. सिंपल, लाह." स्वतः या गृहस्थांनी गेल्या दहा वर्षांत सूचनाफलकाव्यतिरिक्त काही लिहिलेलं नाही.

८ नोव्हेंबर

माझ्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली. चौथं प्रकरण निर्दोष. पार्थेना नावाच्या स्त्रीची साक्ष मी त्यात निकालात काढली आहे. तिच्या सांगण्यानुसार तुर्की सैनिकांनी गाव रिकामं केलं ते संत वासिलिओसच्या सणाला, म्हणजे १ जानेवारी १९१७ रोजी. सणाचा केक न कापताच ताटात राहिला. पण १० जानेवारीला एक अमेरिकन मिशनरी त्याच गावात घरोघर औषधं वाटतो आहे! रिकाम्या घरांत? माझा निष्कर्ष: साक्षीदार विश्वासार्ह नाही.

हेच मी दोन वर्षांपूर्वी लेखात मांडलं, तेव्हा तिच्या मुलीचं, इरिनीबाईंचं, थेसालोनिकीहून पत्र आलं. "माझी आई खोटं बोलत नव्हती." उत्तर दिलं नाही. पुरावा शून्य, शाई भरपूर.

११ नोव्हेंबर

ऋचा. इथल्या पासिर रिस वस्तीतली, घरी मराठी, वर्गात काहीतरी तिसरंच. आज पार्थेनाच्या साक्षीवरच्या चर्चेत हात वर करून: "मॅम, ती बाई डेट कुठे सांगते? ती सण सांगते, लाह. माझ्या आजोबांचं श्राद्ध आई तिथीने करते, एव्हरी इयर डेट वेगळी. त्यांचं चर्च जुन्या कॅलेंडरने चालायचं ना?"

वर्ग हसला. मीही. "साक्षी-कागदपत्रांच्या संग्रहाच्या भाषांतरकाराने तारखा नव्या कॅलेंडरात आणल्या आहेत. प्रस्तावना वाचायची असते, ऋचा."

संशोधनात आता पंचांग!

१२ नोव्हेंबर

प्रबोध म्हणे, बुधवारी आईंचं श्राद्ध, रजा टाक. म्हटलं, आई सव्वीस नोव्हेंबरला गेल्या, मृत्यूचा दाखला कपाटात आहे.

"डॉक्टरीणबाई, दाखला सरकारसाठी. आई गेली त्या दिवशी कार्तिक वद्य द्वितीया होती. बुधवारी तीच आहे."

नवऱ्याशी वाद घालणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

१६ नोव्हेंबर

पानाशी बसलो. प्रबोधने खिरीची वाटी ठेवली आणि म्हणाला, "नऊ वर्षं झाली बघ आज." दहा दिवस अलीकडे — आणि तरी त्याचं खोटं नव्हतं.

हात धुतले आणि तडक ग्रंथालयात गेले.

प्रस्तावना: "सरकारी कागदपत्रांच्या तारखा बदलल्या आहेत." सरकारी कागदपत्रांच्या. साक्षींच्या नव्हे! तिच्या चर्चचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागे; म्हणजे तिच्या एक तारखेत तेरा दिवस मिळवायचे — चौदा जानेवारी. दहाला मिशनरी औषधं वाटतो, चौदाला सैनिक येतात. दोघंही खरं सांगत होती.

प्रस्तावना वाचायची असते, असं मी म्हणाले. भर वर्गात.

संहार झालाच नाही म्हणणाऱ्या एका संकेतस्थळाने लेखातलं माझं "साक्षीदार विश्वासार्ह नाही" हे वाक्य मथळ्यात लावलं होतं. मूर्ख आहेत, म्हणून सोडून दिलं होतं मी. मूर्खांना माझं वाक्य नेमकं उपयोगी पडलं.

१८ नोव्हेंबर

प्रकाशक म्हणतात, शुद्धिपत्रक चिकटवू. शुद्धिपत्रक! अख्खं प्रकरण तिला खोटं पाडण्यावर उभं आहे. पुस्तक मागे घेतलं. जुन्या लेखाची जाहीर दुरुस्ती पाठवली.

विभागप्रमुख: "होल बुक? फॉर थर्टीन डेज?" माणूस अडाणी आहे, हे निदान आता निःसंशय.

वर्गात सर्वांसमोर सांगितलं, ऋचा बरोबर होती. "इट्स ओके, मॅम," म्हणाली. केवढं औदार्य! असह्य.

इरिनीबाईंना पत्र लिहिलं. पाच मसुदे. पहिले चार माझ्याविषयीच होते, फाडले.

१३ जानेवारी २०१७

कराराचं नूतनीकरण नाही. दोन ओळींच्या पत्रात तीन चुका.

१४ जानेवारी

इरिनीबाईंची ईमेल, नातीकडून लिहवून घेतलेली: "आईने तो केक पुन्हा कधी घरात होऊ दिला नाही. तिच्या गावी आज एक जानेवारी. आज मी केला. पहिला तुकडा तिचा ठेवला, दुसरा तुमचा."