गाठ माझी, पेढे त्यांचे

६ जानेवारी, सोमवार

मूळव्याध म्हणे! आतड्यात लिंबाएवढी गाठ माझ्या, आणि मुरगूडच्या पावण्यांपुढं माझा लेक सोमशेखर सांगतोय – "आईला मूळव्याध हाय, तिखट लई खाती." वर मलाच तंबी – "आई, कॅन्सरचं तोंडातनं काढू नको. शांभवीचं जमत आलंय." नातीचं लग्न जमावं म्हणून माझा रोग लपवायचा. बरं. तोंड बंद. हात मोकळा हाय की! तिसरीपर्यंत शिकले ते आज कामाला आलं.

८ जानेवारी

कुणीतरी सांगितलंच. मुरगूडच्या विहीणबाईंचा फोन – अजून झाली न्हाय विहीण, पण थाट तोच! "तुमच्या रक्तातच हाय म्हणं. आज्जीचा भाऊबी पोटानंच गेलता. पोरीला उद्या झालं तर?" सोमशेखर नुसता "व्हय, व्हय". सून सुष्मिता माझ्याकडं अशी बघाय लागली, जसा काय मी रोग माहेरनं ट्रंकेत घालून आणला!

माझा भाऊ महांतेश दारूनं गेला. पोटानं म्हणे!

शांभवी आत चहा करत होती. तिला कुणी काय विचारलं न्हाय.

९ जानेवारी

मधुवंती डॉक्टरणीकडं गेलतो. बोलत होती सोमशेखरशी. म्हटलं, "बाई, गाठ त्याच्या पोटात हाय का माझ्या?" तवा खुर्ची वळवली. गाठीचा तुकडा आणि रक्त पुण्याला धाडलंय. रोग घराण्याचा का माझ्या एकटीचा, त्यात कळंल म्हणाली.

१५ जानेवारी

घरात कुणी धड बोलंना. भाकरी मात्र दुधात कुस्करून पुढं ठेवत्यात. त्याचाच राग येतोय.

२३ जानेवारी, गुरुवार

रिपोर्ट आला. डॉक्टरीण म्हणाली, "आज्जी, पेशी वाढताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारा एक जीन असतो. तुमचा मोडलेला नाही. उतारवयात त्याच्यावर मिथाइल नावाचं काहीतरी चिकटलं आणि तो गप्प झाला. तोही गाठीतच. रक्तात धड आहे. हे वारशानं आलेलं नाही."

मी मसाल्याच्या कांडपात जन्मभर मिरच्या निवडल्या. मला लगेच कळलं. निवडणारी बाई जागेवर हाय, हातपाय धड हाईत, पण तोंडात बोळा कोंबलाय. मग खडा दिसला तरी ओरडणार कशी? खडं तसंच पुढं जात्यात.

"बोळा काढता येतो का?" विचारलं. म्हणाली, "अजून तसं सोपं औषध नाही. गाठ कापून काढू." मंगळवारी ऑपरेशन.

२४ जानेवारी

सोमशेखरनं पेढे वाटले! गल्लीभर! "आईचं घराण्यातलं न्हाय, शांभवीला धोका न्हाय!" सुष्मिता देवापुढं बसून रडली. गाठ माझ्या पोटात जिथल्या तिथं, आणि शेजारची चिमणाबाई मला म्हणती, "अभिनंदन!"

लाज कशी वाटत न्हाय ह्यांना!

मीबी एक खाल्ला. शांभवीसाठी.

२५ जानेवारी, शनिवार

मुरगूडचा फोन. सोमशेखरनं सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "रिपोर्ट कळला. आता आमची काय हरकत न्हाय."

आतनं शांभवी म्हणाली, "माझी हाय."

सोमशेखरनं फोनवर हात दाबला. तो हात मी काढला.

उद्या पावणं येत्यात. सोमशेखरनं चहा करायचा. उत्तर शांभवीनं द्यायचं.