धुक्यातली शिट्टी

प्रिय आईस,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, दुपारी ताणून देते. घर एवढंसं आहे, पण खिडकीभर समुद्र दिसतो. ढब्बू तर इथे येऊन अगदी माणसात आलाय. दिवसभर पंजांनी वाळू उकरतो आणि निम्मी घरात आणतो. तुझा गुडघा कसा आहे?

एक सांगायचंय, पण घाबरू नकोस. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी होती, म्हणून आम्ही दोघं वाळूवरून खूप आत गेलो. अचानक धुकं उतरलं. किनारा कुठल्या बाजूला, तेच कळेना. ढब्बू पुढेच पळत सुटला, कितीही हाका मारल्या तरी ऐकेना. तेवढ्यात मागून शिट्टी आली. दोन छोट्या, एक लांब. बाबा त्याला बोलवायचे, अगदी तशीच. तो गर्रकन वळला आणि मी त्याच्यामागे धावले. किनाऱ्याला लागेपर्यंत भरतीचं पाणी कमरेला आलं होतं.

काठावर फक्त घर सांभाळणाऱ्या आजी होत्या. "शिट्टी तुम्ही वाजवलीत?" मी विचारलं.

"अगं, तोंडात दात नाहीत माझ्या, शिट्टी कसली वाजवतेय! आणि मला तर काहीच ऐकू आलं नाही."

आई, झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून आवाज फुटलेला नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मंगळवारी दहाला ते काय करत होते, ते कळव. नुसते पडून होते, असं लिहिलंस तरी चालेल. पण खरं असेल तेच लिही.

तुमच्या दोघांची,
धाकटी