परड्यातल्या मोसंबीचा रस

फ्लोरिडा, १२ मार्च २००१

ती. अव्वाला दानेश्वरीचा नमस्कार.

माझी तब्येत झकास हाय, भाकरी जमायला लागली, घोर लावून घेऊ नकोस. तुझ्या गुडघ्याला उतार पडला का?

अव्वा, आजाऱ्याला गार नको म्हणून तू मोसंबीचा रस उकळून द्यायचीस, आठवतंय? "बाजारातल्या फळाचा न्हाय, पण आपल्या परड्यातल्या झाडाचा रस उकळला तरी फाटतो की गं," असं तूच म्हणायचीस. रस फाडणारं एन्झाइम उकळल्यावर निकामी व्हायला पाहिजे. आपल्या झाडातलं होत न्हाय, कारण त्याचं जनुकच वेगळं हाय. तू नेसरीहून पाठवलेल्या वाळक्या पानांतून ते मी तीन वर्षं खपून शोधलं.

काल ते शास्त्राच्या मासिकात छापून आलं. नाव माझ्या सरांचं आणि त्यांच्या जावयाचं, ज्यानं पानाला हातसुद्धा लावला न्हाय. माझं शेवटी, आभारात. जाब विचारला तर सर म्हणाले, "आधी कुणाच्या लक्षात आलं, याला काय महत्त्व?"

असला संताप आला! पुरावा तोंडावर मारायचा म्हणून माझी जुनी वही काढली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'उकळलेला रसही फाटतो, असे मला आढळले.'

मला कुठलं आढळलं, अव्वा? वहीभर शोधलं, तुझं नाव आभारातसुद्धा न्हाय.

वही सरांना दाखवली न्हाय. तुला मात्र सांगितल्याशिवाय राहवेना.

तुझी,
दानू